दहा पाळ्यांचा निकाल

शाळेच्या प्रयोगशाळेत साधा लंबक तुम्ही पाहिला असेल. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, त्याला हलकासा झोका द्यायचा आणि एका आंदोलनाला लागणारा वेळ काढायचा. पण एकच आंदोलन मोजून वेळ लिहिला, तर शिक्षक तो मान्य करीत नाहीत. वीस आंदोलनांचा वेळ घ्या, पुन्हा घ्या, मग सरासरी काढा, असे ते सांगतात. कारण घड्याळाची कळ दाबणारे आपले बोट कधी क्षणभर आधी दाबते, तर कधी क्षणभर उशिरा. एकाच वाचनावर विसंबायचे नाही, हा प्रयोगशाळेतील पहिला धडा.

हा धडा वीस वर्षे शिकवीत आलेल्या माणसाने मैदानावर पाऊल ठेवताच तो साफ विसरावा, याला काय म्हणावे? तो माणूस मीच. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे गणित कशासाठी करायचे हे कळेल.

मैदानावरचा प्रसंग

आमच्या घराजवळच्या एका शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. खेळाच्या बाई आमच्या चांगल्या परिचयाच्या. एका वर्षी ऐन हंगामात त्यांच्या संघातील दोन मुली कमी झाल्या. एकीच्या वडिलांची बदली झाली, दुसरीचे मनगट मोडले. पुढचे सामने तोंडावर आले होते. संघात येण्यासाठी तीन नव्या मुली पुढे आल्या आणि जागा होत्या दोन. बाईंनी तिघींना सरावात फलंदाजीच्या दहा-दहा पाळ्या दिल्या. पहिलीने पाच हिट मारले, दुसरीने तीन, तिसरीने एक.

संध्याकाळी बाई वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, तिसरी मुलगी मला बरी वाटते. चेंडूवरची नजर चांगली आहे. पण आकडे असे पडले. तुम्ही आकड्यांतली माणसं, तुम्हीच सांगा."

मी पेन्सिलीने लिहिले: ०.५, ०.३, ०.१. आणि म्हणालो, "बाई, यात विचार कसला करायचा? पहिली तिसरीच्या पाचपट आहे." तिसऱ्या मुलीला नाही म्हणून सांगण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आलीच नाही.

पुढच्या आठवड्यात मी महाविद्यालयात प्रयोगवह्या तपासत होतो. एका विद्यार्थ्याने लंबकाचे एकच वाचन घेऊन उत्तर लिहिले होते. मी त्यावर तांबडी रेघ मारली आणि हात थबकला. मी तरी दुसरे काय केले होते?

पाळ्या इतक्या थोड्या का?

ज्यांनी सॉफ्टबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात घरात खेळण्याचा खेळ म्हणून तो सुरू झाला आणि पुढे मैदानावर आला. आपल्याकडे महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही तो खेळला जातो. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू असतात. चेंडूचा घेर सुमारे १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर. दोन बेसमधील अंतर ६० फूट. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोचली, तर तो हिट. चार 'बॉल' पडून आयताच बेस मिळाला, तर ती पाळी या हिशेबात धरीत नाहीत. एकूण पाळ्यांपैकी किती पाळ्यांत हिट मिळाला, या भागाकाराला आपण 'हिटचे प्रमाण' म्हणू.

आता पाहा. सामना सात डावांचा आणि प्रत्येक डावात तीन बाद. म्हणजे एका संघाचे एकूण एकवीस बाद. मधूनमधून हिट मिळतात ते धरले, तर संघाच्या साधारण २८ पाळ्या होतात. त्या नऊ जणींत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येतात तीन! दहा पाळ्या म्हणजे तीन-चार सामन्यांचे खेळणे. एवढ्यावर आपण खेळाडूची पारख करू पाहतो.

शिवाय प्रत्येक पाळीत दैवाचा वाटा असतोच. प्रौढ महिलांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारे १३ मीटरवरून चेंडू टाकते. चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर तो फलंदाजापाशी पोचायला जेमतेम ०.६ सेकंद लागतात. तेवढ्यात पाहायचे, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. बॅट सेंटिमीटरभर खाली लागली, तर चेंडू उंच उडून झेल जातो. तोच नीट लागला, तर दोन खेळाडूंच्या मधून निघून जातो. उत्तम फलंदाजही बहुतेक पाळ्यांत चुकते, ते यामुळेच.

चिंचोक्यांचा संघ

आता एक प्रयोग करू. घरात चिंचोके असतील तर दहा घ्या. त्यांपैकी तीन रंगवा आणि सर्व एका पिशवीत टाका. न पाहता एक काढा, रंगीत निघाला तर 'हिट' लिहा, नाहीतर 'बाद' लिहा. चिंचोका परत टाका, पिशवी हलवा आणि पुन्हा काढा. असे दहा वेळा केले की एका मुलीच्या दहा पाळ्या झाल्या. अशा वीस मुलींचे खेळणे लिहून काढा.

ध्यानात घ्या, या वीसही मुली अगदी सारख्या आहेत. प्रत्येकीचे खरे प्रमाण ०.३ आहे, कारण पिशवी एकच आहे. तरीही प्रत्येकीला तीनच हिट मिळतील काय? मुळीच नाही. संभाव्यतेचे गणित सांगते की वीसपैकी साधारण तीन मुलींना एक हिट मिळेल किंवा एकही मिळणार नाही, आणि साधारण तीन मुलींना पाच किंवा त्याहून अधिक हिट मिळतील. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चित्र हेच दिसेल.

हे गणित अवघड नाही. एका पाळीत हिट न मिळण्याची संभाव्यता ०.७. दहाही पाळ्या कोरड्या जाण्याची संभाव्यता म्हणजे ०.७ ला ०.७ ने गुणत जाऊन दहा वेळा घेतलेला गुणाकार. तो येतो सुमारे ०.०२८. नेमका एकच हिट मिळायचा, तर तो दहांपैकी कोणत्याही पाळीत मिळू शकतो, म्हणून १० × ०.३ × (०.७ नऊ वेळा), म्हणजे सुमारे ०.१२१. दोन्हींची बेरीज ०.१४९. म्हणजे ०.३ प्रमाणाची चांगली मुलगीसुद्धा दहा पाळ्यांत एक किंवा शून्य हिटवर राहण्याची शक्यता शंभरात पंधरा आहे.

आता दुसरी पिशवी घ्या आणि तिच्यात दोनच रंगीत चिंचोके ठेवा. ही ०.२ प्रमाणाची, म्हणजे कमी कुवतीची मुलगी. दोघींना दहा-दहा पाळ्या दिल्या, तर कमी कुवतीची मुलगी चांगल्या मुलीच्या पुढे जाण्याची शक्यता सुमारे शंभरात बावीस येते, आणि दोघींची बरोबरी होण्याची शंभरात अठरा. दहा पाळ्यांवर निवड करणारा माणूस पाचांतून एकदा उलटी निवड करतो आणि आपण आकड्यांनिशी बोललो म्हणून निश्चिंत राहतो. मी तसाच निश्चिंत होतो.

पाळ्या वाढवल्या तर?

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गणिती याकोब बर्नुली याने या प्रश्नाचा सखोल विचार केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने सिद्ध केले की प्रयत्नांची संख्या वाढवीत नेली, की मिळणारे प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ जाते. यालाच मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. छोट्या संख्यांना मात्र असा कोणताही नियम अभय देत नाही.

जवळ जाते, पण किती वेगाने? प्रमाणातील अनिश्चितता पाळ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. खरे प्रमाण ०.२५ असेल, तर १० पाळ्यांनंतरची अनिश्चितता सुमारे ०.१४ असते आणि ४० पाळ्यांनंतरची सुमारे ०.०७. पाळ्या चौपट केल्या, तेव्हा अनिश्चितता निम्मी झाली. लंबकाची वाचने वाढवताना तुम्हांला हाच अनुभव येतो.

एका नव्या खेळाडूची गोष्ट

हे केवळ चिंचोक्यांचे गणित नाही. १९७७ साली ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात एक लेख लिहिला. त्यात त्यांनी १९७० च्या बेसबॉल हंगामातील अठरा फलंदाज घेतले होते. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ पाळ्यांवरून उरलेल्या हंगामातील त्याचे प्रमाण कसे सांगावे, हा प्रश्न होता.

त्या यादीत तळापासून दुसरा होता थर्मन मन्सन. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या या तरुण खेळाडूचे हे पहिलेच पूर्ण वर्ष. पहिल्या ४५ पाळ्यांत त्याला केवळ ८ हिट मिळाले होते, प्रमाण ०.१७८. माझ्यासारखा सल्लागार तेथे असता, तर मन्सन घरी गेला असता. पण संघाने त्याला खेळवत ठेवले. उरलेल्या हंगामात त्याचे प्रमाण ०.३१६ झाले आणि त्या वर्षी अमेरिकन लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. यादीच्या शिखरावर होता रोबर्टो क्लेमेंटे. त्याचे ४५ पाळ्यांतील प्रमाण ०.४०० होते, पुढे ते ०.३४६ झाले. तळाचा वर आला, वरचा थोडा खाली आला. सुरुवातीचे टोकाचे आकडे बहुधा असेच मध्याकडे सरकतात, कारण त्यांत कुवतीबरोबर दैवही मिसळलेले असते आणि दैव दर वेळी त्याच बाजूला झुकत नाही.

मग अंदाज कसा करावा?

या लेखात सांगितलेली रीत चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या शोधावर आधारलेली आहे. तिचा गाभा साधा आहे. खेळाडूचा स्वतःचा आकडा घ्या, पण त्याला सर्वांच्या सरासरीकडे थोडे ओढा. या रीतीने अठरा खेळाडूंच्या अंदाजांतील चुकांच्या वर्गांची बेरीज एक-तृतीयांशाहून कमी झाली.

आपल्या शाळेच्या संघासाठी तिचे सोपे रूप असे. समजा, संघाची सरासरी ०.२५ आहे. प्रत्येक मुलीच्या खऱ्या पाळ्यांत ३० कल्पित पाळ्या मिळवा आणि त्या पाळ्यांत तिला संघाच्या सरासरीइतके, म्हणजे साडेसात हिट मिळाले असे धरा. मग भागाकार करा.

पहिली मुलगी: (५ + ७.५) ÷ (१० + ३०) = ०.३१
दुसरी मुलगी: (३ + ७.५) ÷ ४० = ०.२६
तिसरी मुलगी: (१ + ७.५) ÷ ४० = ०.२१

पाचपट वाटणारा फरक आता केवढा उरला पाहा! संघात एक जुनी मुलगी आहे. तिने ६० पाळ्यांत २१ हिट मारले आहेत, म्हणजे तिचे प्रमाण ०.३५. वरवर पाहता ०.५ ची नवी मुलगी तिच्या कितीतरी पुढे वाटते. पण याच रीतीने जुन्या मुलीचे येतात (२१ + ७.५) ÷ ९० = ०.३२. म्हणजे दोघी जवळजवळ बरोबरीच्या. नवी जसजशी खेळत जाईल, तसतसा कल्पित पाळ्यांचा प्रभाव कमी होईल आणि तिचे स्वतःचे खेळणे बोलू लागेल.

तीसच पाळ्या का? शिक्षकांसाठी सांगतो. सरासरी प्रमाण 'प' असेल आणि मुलींच्या खऱ्या प्रमाणांचे प्रमाण विचलन 'व' असेल, तर कल्पित पाळ्या = प × (१ − प) ÷ व². 'प' ०.२५ आणि 'व' ०.०८ धरल्यास उत्तर सुमारे ३० येते. 'व' चा हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, आपल्या संघाच्या जुन्या नोंदींवरून तो ठरवावा. संघातील खेळाडू जितके एकसारखे, तितक्या कल्पित पाळ्या अधिक लागतात.

आकड्यांत न मावणारे

चिंचोका घाबरत नाही आणि सरावाने सुधारतही नाही. नवी मुलगी मात्र दोन्ही करते. पहिल्या दहा पाळ्यांत तिला पिचर अनोळखी, बॅट अनोळखी आणि पाहणारे डोळेही अनोळखी. म्हणून तिचे सुरुवातीचे आकडे आणखीनच सांभाळून घ्यावेत.

क्षेत्ररक्षणाचेही असेच आहे. नऊ खेळाडूंच्या संघात दोघी-दोघींच्या जोड्या होतात ९ × ८ ÷ २ = ३६. दोन मुली बदलल्या आणि सात जुन्या राहिल्या, तर जुन्या जोड्या उरतात ७ × ६ ÷ २ = २१. म्हणजे १५ जोड्या एकदम नव्या झाल्या! खेळाडू बदलल्या नऊपैकी दोन, शंभरात बावीस. पण जोड्या बदलल्या शंभरात बेचाळीस. दोघींच्या मध्ये उडालेला झेल 'माझा' म्हणून कोणी ओरडायचे, बेसवर चेंडू कोणाकडे फेकायचा, ही समज प्रत्येक जोडीत नव्याने जुळावी लागते. अशा वेळी झेल सुटला, तर तो नव्या मुलीच्या नावावर लिहिला जातो. खरे तर तो त्या जोडीचा असतो.

न दिसणारी चूक

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दहा पाळ्यांवरून निवड करताना चूक दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात कमी कुवतीची मुलगी दैवाने चमकते आणि संघात येते. ही चूक आपोआप सुधारते, कारण ती खेळत राहते, पाळ्या वाढतात आणि खरे प्रमाण उघड होते. दुसऱ्या प्रकारात चांगली मुलगी दैवाने मागे पडते आणि वगळली जाते. ही चूक कधीच सुधारत नाही. तिच्या नावापुढे अकरावी पाळी लिहिलीच जात नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही आणि 'पाहा, आमची निवड बरोबर होती' असे आपण म्हणत राहतो.

आमच्या त्या तिसऱ्या मुलीचे असेच झाले. तिची कुवत ०.१ होती की ०.३, हे मला आजही माहीत नाही आणि कळण्याचा मार्ग मीच बंद केला. बाईंची नजर तिच्या बाजूने काही सांगत होती. ती नजर म्हणजे कित्येक वर्षांच्या निरीक्षणांची नोंद होती आणि मी तिच्यापेक्षा दहा पाळ्यांना मोठे मानले.

सगळा हिशेब घेऊन मी बाईंकडे गेलो आणि चूक कबूल केली. त्यांनी त्या मुलीच्या घरी निरोप धाडला. पण मुलगी "नको" म्हणाली. तेव्हापासून बाईंनी एक नियम केला आहे. हंगामात मध्येच आलेल्या कोणत्याही मुलीला चाळीस पाळ्या होण्याआधी वगळायचे नाही. महत्त्वाच्या सामन्यात तिला लगेच उतरवलेच पाहिजे असे नाही. सरावाचे सामने असतात, त्यांत पाळ्या मोजता येतात. चाळीस पाळ्यांनीही पूर्ण खात्री होत नाही हे बाईंना ठाऊक आहे. पण दहापेक्षा चाळीस बरे, हे आता आम्हां दोघांनाही पटले आहे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही संघनायक व्हाल, वर्गप्रमुख व्हाल, कोणाची ना कोणाची पारख करण्याची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा समोर आलेला आकडा जरूर वाचा. पण "कितीपैकी?" हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्वतः करून पाहा

१. तीन रंगीत चिंचोक्यांची पिशवी घेऊन वीस मुलींच्या दहा-दहा पाळ्या लिहा. मग प्रत्येकीच्या पाळ्या चाळीसपर्यंत न्या. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या प्रमाणातील अंतर किती कमी झाले?

२. संघात दोनऐवजी तीन मुली नव्या आल्या, तर छत्तीसपैकी किती जोड्या नव्या होतील?

३. तिसऱ्या मुलीला आणखी तीस पाळ्या मिळून त्यांत ११ हिट मिळाले असते, तर कल्पित पाळ्यांच्या रीतीने तिचे प्रमाण किती झाले असते? ते दहा पाळ्यांनंतरच्या ०.२१ शी ताडून पाहा.